उपरण्याखालचा भाव

इंग्लंडहून परत आले त्या आठवड्यात बायका मला बघायला आल्या. कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं की येतात तशा. आत्यानं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, माझा दंड चाचपून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा की, निम्मं झालंय लेकरू. तिथं धड खायला न्हाई, बोलायला मानूस न्हाई. लय आठवण आली असंल न्हाई ग घराची?"

"आली की," मी म्हणाले.

"रडली असशील."

"रडले."

बायकांनी कप खाली ठेवून चुकचुक केली. मी मान खाली घातली. खरं तर तिथं माझं वजन वाढलं होतं, नेलेले ब्लाउज दंडात बसेनात म्हणून उसवून आणले होते. पण ते कुणी पाहिलं नाही. त्या दिवसापासून लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, जो विचारेल त्याला मी तेच उत्तर देत आले. लय आठवण आली. लय रडले. लोकांना ते उत्तर पटायचं आणि मला ते देणं सोपं जायचं.

मी रडले नाही. घराची आठवण यायला पाहिजे तेवढी आली नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी, व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यायला म्हणून मी ते एक वर्ष एका थंड, ओल्या, अनोळखी गावात काढलं, आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आनंदाचं वर्ष होतं. एवढं साधं वाक्य. ते तोंडातून निघायला मला पुढची दोन वर्षं लागली.

आमचं मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान आहे. शेतकरी माल आणतो, आम्ही तो व्यापाऱ्यांना दाखवतो, सौदा करून देतो. मी एकुलती एक, म्हणून माझे यजमान पालमहून इकडं राहायला आले. घरजावई म्हणून त्यांची जी थट्टा व्हायची ती त्यांनी हसून संपवली. दुकानात पुढं अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि यजमान, मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर मी. गावातल्या बायकांना घेऊन मी तूरडाळीची पाकिटं करून विकायचा उद्योग काढला होता, तो बरा चालला होता. पण हिशेब, वजन, माल पाठवणं, सगळं मागच्या खोलीतून. मोंढ्याच्या ओट्यावर जिथं सौदा होतो तिथं बाई कधी गेली नाही. मीही गेले नाही.

पण सौदा कसा करतात ते मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्याकडं जुनी रीत हत्त्याची. दोन व्यापारी मालाच्या ढिगाशेजारी उभे राहतात, एकमेकांचा हात हातात घेतात आणि वरून उपरणं टाकतात. मग आत बोटं बोलतात. हे बोट दाबलं की हा आकडा, ती दोन दाबली की तो. वर चेहरे दगडासारखे. गप्पा पाऊसपाण्याच्या. भाव तोंडानं सांगणं म्हणजे अडाणीपणा. सरकारनं ही रीत बंद केली, आता जाहीर हर्रासी असते, बोली मोठ्यानं लावायची असते. तरी ढिगाच्या आडोशाला जुन्या माणसांची बोटं चालतातच.

अप्पा जेवण झाल्यावर झोपाळ्यावर बसायचे आणि मला शेजारी घ्यायचे. उपरणं टाकायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. ते बोट दाबायचे, मी उलटं दाबायचे, ते नाक मुरडायचे, मी हट्ट धरायचे. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं की म्हणायचे, "हरलीस. तोंडानं सांगितलंस." आणि पटलं की माझा अख्खा पंजा आपल्या मुठीत घट्ट दाबून सोडायचे. सौदा झाला.

चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही आणि आतलं तोंडानं सांगायचं नाही, हे मी त्या झोपाळ्यावर इतकं पक्कं शिकले की पुढं नवऱ्यालासुद्धा माझं हवं-नको विचारून विचारून काढावं लागायचं.

शिष्यवृत्तीचा अर्जही मी असाच, कुणाला न सांगता केला. छोट्या गावात उद्योग करणाऱ्या बायकांसाठी होती ती. मिळेल असं वाटलं नव्हतं. मिळाली तेव्हा घरात जे झालं त्याचं कारण एकच, माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती, लातूरला.

आमच्याकडं बारावी म्हणजे काय, ते मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. पोरगं डॉक्टर व्हावं म्हणून आया लातूरला खोली घेऊन राहतात. क्लासला जाताना डबा, आल्यावर दूध. एकेका गल्लीत पन्नास गावांच्या आया. आणि मी निघाले होते विलायतेला.

"पोरीची बारावी आन् आईची शाळा!" आत्या ओसरीवरनं बोलली. "दप्तर बी एकच घ्या म्हनावं दोघींना."

यजमानांना मोंढ्यात लोक म्हणाले, "जावईबापू, आता भाकरी बी तुमीच थापा."

ते म्हणाले, "थापतो की. चांगली आली तर तुमाला बी देतो."

मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "मम्मी, तू लातूरला येऊन राहिलीस तर मला रोज विचारशील, टेस्टला किती पडले. त्यापेक्षा तू लंडनलाच जा."

"लंडन नाही ग ते."

"मग कुठंय तिथं जा. पण जा."

निघायच्या दिवशी परभणी स्टेशनवर सगळे आले होते. आत्या डोळे पुसत होती. गाडी आली तसं अप्पांनी माझा हात घेतला, खांद्यावरचं उपरणं वर टाकलं आणि माझा अख्खा पंजा मुठीत घट्ट दाबला. मग सोडला. मी गाडीत चढले. माझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

आता आनंदाचं सांगते. ते लाजेपोटी कधी सांगितलं नाही.

तिथं माझ्या खोलीला किल्ली होती. दार लावलं की आत फक्त मी. कुणी विचारायला नाही, कुठं निघालीस, कधी येशील, भाजी काय करायची. एकाच माणसाचा चहा करायचा, आणि तो माणूस मी. पहिल्यांदा केला तेव्हा सवयीनं पातेलं भरून केला आणि सगळा एकटीनं प्याले. ग्रंथालयात खिडकीजवळची एक खुर्ची माझी झाली होती. मराठी शाळेत शिकलेलं माझं इंग्रजी वाचायला चांगलं होतं. बाजारपेठ, साठा, माल पोचवणं, माणसं सांभाळणं, हे सगळं आमच्या दुकानात रोज घडत होतं आणि त्याला नावं होती, नियम होते. वाचताना मी एकटीच हसायचे. अरे, हे तर अप्पा करतात. अरे, ही तर आपली चूक. पुस्तक मिटून बाहेर पडायचे तर बर्फाळ पाऊस. छत्री उलटी व्हायची. मला त्याचंही हसू यायचं.

पहिल्याच आठवड्यात मी वसतिगृहाची अख्खी इमारत रिकामी केली. आम्ही लिंगायत, सकाळी अंघोळ करून इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय खात नाही. मी विभूती लावली, उदबत्ती लावली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, आणि छतावरचं, धूर झाला की वाजणारं यंत्र किंचाळायला लागलं. मग सगळ्या इमारतीतली यंत्रं किंचाळली. पूजा अर्धी टाकता येत नाही आणि लिंग खाली ठेवता येत नाही. तशीच शाल गुंडाळून, हात पुढं धरून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मी जिना उतरले. अंगणात सगळी जवान पोरं-पोरी झोपेच्या कपड्यात कुडकुडत उभी. त्यातली एक धिप्पाड बाई माझ्याकडं आली. घाना देशाची, माझ्याच वर्गातली. तिनं माझा तळहात पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता स्वतःचं ब्लँकेट माझ्या खांद्यावर टाकलं.

"तुझा देव?" मग म्हणाली.

"हो."

"पूर्ण कर. आम्ही थांबतो."

मी तिथं उभ्या उभ्या पूजा संपवली. तेव्हापासून ती माझी मैत्रीण. मी तिच्यापेक्षा मोठी म्हणून तिच्याकडच्या रिवाजाप्रमाणं ती मला आंटी म्हणायची, आणि उदबत्तीऐवजी एक फूल आणून द्यायची.

सगळे विषय चांगले चालले होते. एक सोडून. सौदेबाजी. तो विषय सगळ्यांना सक्तीचा होता, आणि त्यात लिहायचं काही नव्हतं, समोरच्याशी बोलून व्यवहार करून दाखवायचा. मला वाटलं होतं, चला, हा तर आपल्या रक्तातला विषय.

पहिल्या वेळी माझ्यासमोर जर्मनीचा एक उंच, सोनेरी दाढीवाला तरुण बसला. मी कारखाना विकणार, तो घेणार. तो बोलत होता. मी ऐकत होते, चेहरा दगडासारखा. त्यानं शेवटी एक आकडा सांगितला, अगदीच पडता. मला तो मान्य नव्हता. आणि मी अंगातल्या सवयीनं काय करावं? हात पुढं केला. आमच्याकडं हात पुढं करणं म्हणजे, ये, आता खरं बोलू. त्यांच्याकडं हात पुढं करणं म्हणजे सौदा संपला.

त्याचा चेहरा फुलला. त्यानं माझा हात धरून गदागदा हलवला आणि ओरडला, "झालं!" वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या बोटांत अजून माझा आकडा शोधत होते.

नंतर दोन-तीनदा मी तशीच हरले. हात मी आवरला, पण तोंड उघडेना. आकडा जिभेवर यायचा आणि चार माणसांत तो मोठ्यानं सांगायचा म्हटलं की मला पदर ढळल्यासारखं व्हायचं. समोरचा बोलत राहायचा आणि वेळ संपायची.

हा विषय शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. मोठ्या दुकानांसाठी माल खरेदी करण्यात अर्धं आयुष्य गेलेली ती बाई, केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला.

"तुमचं लिखाण वर्गात सगळ्यात चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण या विषयात तुम्ही नापास होताय. शेवटचा एक सौदा उरलाय, बाहेरच्या परीक्षकांसमोर. त्यातही गप्प बसलात तर मला तुम्हाला पास करता येणार नाही. आणि हा विषय नसेल तर पदवी नाही."

मी मान हलवली.

"त्या दिवशी हात का पुढं केला होतात?"

"चुकून," मी म्हणाले.

एवढंच. तिथंही मी उपरणं काढलं नाही.

बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. पोरीची बारावी सोडून आले होते. मोकळ्या हातानं परत गेले असते तर आत्या काहीच बोलली नसती. ते सगळ्यात वाईट झालं असतं.

मैत्रिणीला सगळं सांगितलं, हत्त्यासकट. ती पोट धरून हसली. "आंटी, माझी आई बाजारात कापड विकते. तिच्या आवाजानं बस थांबते. तू शनिवारी माझ्याबरोबर चल."

शनिवारी त्या गावात उघड्यावर भाजीबाजार भरायचा. तिथं एका लाहोरकडच्या चाचांची गाडी होती, भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या. मी त्यांच्याशी आमच्या परभणीकडच्या उर्दूत बोलायचे आणि ते खूश व्हायचे. माझं "नक्को" ऐकलं की शेजारच्याला बोलावून ऐकवायचे. मैत्रिणीनं त्यांना सांगितलं, हिला ओरडायला शिकवायचंय.

चाचा म्हणाले, "बाजार उठायची वेळ झालीय. ही कोथिंबीर उरली तर फेकावी लागेल. बेटी, विक."

मी जुडी हातात घेऊन उभी राहिले. लोक जात होते. मी भाव सांगितला.

"कुणाला सांगितलास?" मैत्रीण म्हणाली. "कोथिंबिरीला?"

पुन्हा सांगितला. एका म्हातारीनं मला रस्ता विचारला.

"बेटी," चाचा म्हणाले, "तू अंग्रेजीत लाजतेस. अपनी जुबान में लाज थोडी कमी असते. करून बघ."

मी डोळे मिटले. मोंढ्याच्या दारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायका आठवल्या. आणि पोटातून आवाज काढला, "घ्या वो घ्या! ताजी ताजी! लय सस्ती लावली, घ्या!" शेवटी इंग्रजीत भाव ठोकला. तो माझा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या गाडीवरचा मासेवाला दचकून वळला. लोक थांबले. का थांबले देव जाणे, बहुतेक या बाईला काय झालंय ते बघायला. पण थांबले, आणि कोथिंबीर गेली. मग मिरच्या गेल्या. मग भेंडीची शेवटची पेटी. मैत्रीण नाचत होती. माझा घसा बसला, नाक लाल झालं, आणि मी हसत सुटले. त्यानंतर प्रत्येक शनिवारी मी तिथं असायचे. यजमानांना फोनवर सांगितलं, शनिवारी प्रॅक्टिकल असतं. ते म्हणाले, "आज माझी भाकरी गोल आली." मी म्हणाले, "माझंही बरं जमलं."

शेवटचा सौदा वाटाण्याचा होता. एका बाजूला गोठवलेला वाटाणा विकणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांचा संघ. मी संघाच्या बाजूची, आणि समोर तोच सोनेरी दाढीवाला. भिंतीशी दोन बाहेरचे परीक्षक आणि आमच्या बाई.

तो बोलू लागला. मी ऐकत होते. चेहरा अप्पांनी शिकवलेला. पण डोळे त्याच्या हातांवर होते. झोपाळ्यावर बसून मी माणसाचे हात वाचायला शिकले होते आणि इतके महिने ते विसरले होते. भावाचा विषय निघाला की तो पेन सोडायचा. माल वेळेवर मिळण्याचा विषय निघाला की पेन घट्ट धरायचा. म्हणजे भीती तिथं होती. भावात नव्हती.

मी माझा आकडा सांगितला. आधी मी. मोठ्यानं. खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल असा, शनिवारच्या आवाजात. आणि वर म्हणाले, या भावाला रोज सकाळी ठरल्या वेळेला माल तुमच्या दारात, चुकला तर नुकसान आमचं. मग गप्प बसले.

गप्प बसणं मात्र माझं होतं. मला शांतता जड जात नाही, आयुष्य तिच्यात गेलंय. त्याला जड गेली. त्यानं पाणी प्यायलं. थोडं कमी करा म्हणाला. मी तोच आकडा पुन्हा सांगितला, तेवढ्याच आवाजात. त्यानं आपल्या साथीदाराकडं पाहिलं. मग एकदा छताकडं. आणि हात पुढं केला. माझा पहिला हात त्याला आठवत असणार, हसत म्हणाला, "आता तुमच्या हाताचा अर्थ काय, ते आधी सांगा."

सगळे हसले. मी त्याचा हात धरून हलवला. "झालं!"

बाईंनी चष्मा काढला. "आता तरी सांगा, पहिल्या दिवशी हात का पुढं केला होता?"

मी सांगितलं. या वेळी सगळं. आणि खांद्यावरची शाल काढून बाईंचा हात हातात घेतला, वर शाल टाकली आणि त्यांना हत्ता शिकवला. त्यांची बोटं चपळ होती. दुसऱ्याच फेरीला त्यांनी मला भाव चढवायला लावला. परीक्षक रांगेत उभे राहिले, आम्हालाही दाखवा म्हणून. दाढीवाल्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसायचं, तो प्रत्येक वेळी हरला.

शालीखाली हात असतानाच बाईंनी विचारलं, "आणि ज्याचा माल, तो शेतकरी कुठं उभा असायचा?"

"शेजारीच."

"त्याला भाव कधी कळायचा?"

"सौदा झाल्यावर."

त्यांनी हात काढून घेतला नाही. मला मात्र ढिगाशेजारी उभे राहणारे, उपरण्याकडं टक लावून बघणारे ते चेहरे दिसले. मी त्यांना जन्मभर पाहत आले होते आणि तोवर पाहिलं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा मी त्या विषयात वर्गात पहिली होते. नोटीस बघून मैत्रिणीनं मला उचललं, खरोखर उचललं, आणि गोल फिरवलं. मी तशीच धापा टाकत घरी फोन लावला.

यजमानांनी उचलला. म्हणाले, "तुलाच लावणार होतो. पोरीचा निकाल लागला. मार्क कमी पडले. डॉक्टरकीला नंबर लागत नाही."

मागं आत्याचा आवाज आला. टोमणा नव्हता, उसासा होता. "आई जवळ असती तर..."

मी माझा निकाल त्या फोनवर सांगितला नाही. नंतर कधीतरी सांगितला, हळू, पास झाले एवढंच. पोरीचा नंबर गेला त्या वर्षी आई खूश होती, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून परत आल्यावर मी दुःखाचं बोलत राहिले. ते माझं प्रायश्चित्त होतं म्हणा. आणि खोटं होतं.

मुलगी परभणीला शेतीची पदवी करू लागली. मातीनं भरलेले बूट घालून सुट्टीला घरी यायची, खतांवरून आजोबांशी वाद घालायची. तिचं बरं चाललं होतं हे सगळ्यांना दिसत होतं. मी दिसू देत नव्हते स्वतःला.

यंदा तुरीच्या हंगामात अप्पांचे गुडघे फार दुखायला लागले आणि यजमान माल घेऊन सेलूकडं गेले होते. मी अप्पांना म्हणाले, "ओट्यावर मी जाते." त्यांनी काठी जवळ ओढली. "मी बी येतो. खुर्ची टाक तिथं."

मोंढ्यात सगळे हसून बाजूला झाले. वालूरच्या एका शेतकऱ्याच्या तुरीचा ढीग होता, चांगली ठसठशीत तूर. तो मुंडासं हातात घेऊन शेजारी उभा. हर्रासी सुरू झाली, पण बोली कुणी लावेना, दोन-तीन जण नेहमीसारखे ढिगाच्या आडोशाला सरकले. अप्पांचे जुने दोस्त, एक व्यापारी काका, माझ्याकडं वळले आणि उपरणं उचलून म्हणाले, "ये माय. अप्पाची लेक हाइस. तुला बोटं येतेत ठाव हाय मला. घाल हात."

मला येत होती. मनात एकदा मोहही झाला, इतक्या वर्षांनी कुणी मला त्या उपरण्याखाली बोलावत होतं.

मी शेतकऱ्याकडं पाहिलं. तो उपरण्याकडं पाहत होता.

मी भाव सांगितला. मोंढ्याच्या फाटकापर्यंत गेला असेल. हमाल थांबले. शेतकऱ्यानं मान वर केली. काकांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि चिडून वरचा आकडा सांगितला, तोंडानं. माझ्या डाळीच्या उद्योगाला तूर हवीच होती, मी वर गेले. पलीकडचा एक जण मध्ये पडला, तोही ओरडून. मग सगळेच ओरडू लागले. ढीग शेवटी माझ्या बोलीवर सुटला आणि शेतकऱ्यानं प्रत्येक आकडा स्वतःच्या कानानं ऐकला.

"विलायतेला जाऊन हेच शिकलीस व्हय?" काका म्हणाले. "वरडायला?"

"होय काका. हेच शिकले."

"लय शिकलीस," ते म्हणाले, आणि हसू त्यांना दाबता आलं नाही.

अप्पांनी खुर्चीवरून हात पुढं केला. मी धरला. उपरणं त्यांच्या मांडीवरच राहिलं. सगळ्यांसमोर, उघड्यावर, त्यांनी माझा अख्खा पंजा मुठीत घट्ट दाबला.

संध्याकाळी ओसरीवर आत्या होती, शेजारच्या दोघी होत्या, मुलगी सुट्टीवर आली होती. माझा घसा बसला होता. शेजारीण म्हणाली, "एवढी वाघीण झालीय, पण तिथं एकटीनं कसं काढलं असंल. लय आठवण आली असंल न्हाई घराची?"

ओट्यावरचा आवाज अजून गरम होता.

"न्हाई आली," मी म्हणाले. "मी तिथं लय खूश होते. उगं खोटं सांगत होते मी."

मी मुलीकडं पाहिलं. ती शेंगा सोलत होती.

"मला माहीत होतं," ती वर न बघता म्हणाली. "फोनवर तुझा आवाजच वेगळा यायचा. परत आलीस आणि परत जुना झाला. मला वाटलं, माझ्यामुळं."

"तुझ्यामुळंच. तुझा नंबर गेला आणि मी..."

"मम्मी, मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मी बी बोलले नाही." तिनं शेंगदाणा तोंडात टाकला. "आपल्याकडं कुनी बोलतंच न्हाई."

आत्या माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "कशानं ग खूश?"

"आत्या, तिथं माझ्या खोलीला किल्ली होती."

"किल्ली."

"दार लावलं की आत मी एकटी."

आत्या सोळाव्या वर्षी लग्न होऊन सेलूकडं भरल्या घरात गेली, विधवा होऊन या भरल्या घरात आली. ती हातातल्या शेंगेकडं बघत राहिली. "माझ्याकडं न्हवती कधी," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "आन् मग मी दोन वर्सं सोमवार धरायले ते? तुझं दुःख हलकं व्हावं म्हनून नुसत्या भगरीवर काढले!"

"तुमी कुठं सांगितलं मला?"

"तू कुठं सांगितलंस!"

मुलगी हसायला लागली, मग शेजारणी, मग मी. आत्याला राग धरवेना.

"आता सोडू का काय ते सोमवार?" ती म्हणाली.

"सोडू नका. महादेवाला दुसरं काहीतरी मागा."

तेवढ्यात सेलूहून आलेले यजमान आतून भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आले. आत्यानं वरची भाकरी उचलून उजेडात धरली. एका बाजूला ती बरीच लांब झाली होती.

"मागायला सापडलं," आत्या म्हणाली.